लिंबाच्या पारावरचं अक्षर

परवा तिघं आले होते. तुमचं अक्षर मागायला.

मी दाराआड उभी राहिले, नेहमीसारखी. एक ते तरुण वकील, दुसरे निवृत्त हेडमास्तर, आणि तिसरा नगरपालिकेतला कुणीतरी, जो सबंध वेळ नुसती मान हलवत होता. तुमच्या खुर्चीवर कुणी बसेना. तिघं सतरंजीवर दाटीवाटीनं बसले आणि रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले, जणू तुम्ही नुकतेच उठून पानाची पिंक टाकायला गेला आहात.

"वहिनी," हेडमास्तर म्हणाले, "जुन्या कचेरीपुढच्या लिंबाला आमची समिती दगडी पार बांधतेय. मुन्शीजी जिथं बसायचे, तिथंच. त्या पारात एक शिळा बसवायची, त्यांच्या नावाची."

"नुसतं नाव नाय काकू," वकील म्हणाला. "त्यांच्याच अक्षरात. असली मराठी आन् असलं अक्षर आता व्हायचं नाय. तुमच्याकडं त्यांच्या हातचा एखादा कागद असंलच की."

"असेल," मी म्हणाले.

"तेवढा काढून ठेवा. पाथरवट उद्यापासून चौकातच बसणार हाय, त्याच्याकडं धाडून द्या. रेघ न् रेघ उतरवून घेतो तो."

"काय लिहिलेला पाहिजे?"

"काहीबी चालंल. फकस्त खाली ते दस्तुर असू द्या, त्यांच्या नावाचं."

अर्जाच्या शेवटी, अंगठ्याच्या निशाणीशेजारी, 'दस्तुर' म्हणून ज्याच्या हातानं अर्ज लिहिला त्याचं नाव घालायचं, ही कचेरीची रीत. ही रीत मला वकिलानं सांगायला नको. एकोणीस वर्षं मीच ती पाळली. मोरीपलीकडं, धान्याच्या कोठीला टेकून, उलट्या पोळपाटावर कागद ठेवून मी अर्ज लिहायची आणि खाली 'दस्तुर' म्हणून तुमचं नाव घालायची. लग्नातला एक उखाणा सोडला तर तोंडानं तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. हातानं किती वेळा घेतलं, देवाला ठाऊक.

चहा पिऊन उठताना हेडमास्तरांचे डोळे भरून आले. "वहिनी, तुम्ही भाग्यवान. अशा माणसाच्या सावलीत आयुष्य गेलं तुमचं."

मी मान हलवली. ते गल्लीच्या वळणावर गेल्यावर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले. तुमचं तेरावं होऊन आठ दिवसही झाले नव्हते. लेक शालन सासरी परत गेलेली, घरात कुणी नाही, तरी बोळा कोंबला. सवय आहे.

आता तुम्ही सांगा, काय द्यायचं त्यांना?

सांगणार नाही तुम्ही. जिवंतपणी सांगितलं नाही, आता काय सांगाल. म्हणून मीच लिहिते. कागद तुमच्याच फडताळातला आहे, अर्जाचा, वर समास सोडलेला. तुमच्या माघारी पहिल्यांदा यावर मी माझं काही लिहिते आहे.

मी घाटाखालची. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर ओलांडलं की खानदेश लागायचा. तिकडं इंग्रजाचं राज्य आणि गावात मराठी शाळा. वडिलांनी चौथीपर्यंत बसवलं. पाचवीला शाळा दूरच्या गावी, म्हणून संपलं. तुम्ही हर्सूलपलीकडचे, निजामाच्या राज्यातले. तुम्ही माझ्यापेक्षा किती तरी अधिक शिकलात, पण सगळं उर्दूत. घरात बोलायचं मराठीत आणि लिहायचं उर्दूत, यात तुम्हांला कधी काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटत नव्हतं. मधे फक्त एक घाट होता.

आणि खोटं कशाला लिहू, तुमचं ते अक्षर सुंदर होतं. मला एक ओळ वाचता येत नव्हती, पण तुम्ही लिहायला बसलात की मी चुलीवरचं दूध विसरायची. बोरूचं टोक कागदाला टेकलं की उजवीकडून डावीकडं अशी रेघ उतरायची, जशी घारीनं आभाळात घिरटी घ्यावी. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव लिहिलंत आणि म्हणालात, "वाच बरं." वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी नाव तोंडानं घ्यायचं नव्हतं. मी नुसतं त्या रेघेवरून बोट फिरवलं. शाई ओली होती. बोट काळं झालं, आणि तुम्ही हसलात.

ते हसणं नंतर तुमच्या चेहऱ्यावर मी पाहिलं नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि मुसलमानांच्या घरांवर जमाव येऊ लागले. त्या आठवड्यात आपलं दार बंद होतं आणि मागच्या खोलीत तुमच्या जोडीच्या करीममियांची बायको, आई आणि मुली लपलेल्या होत्या. दारावर थाप पडली तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "माझं घर आहे, माझी माणसं आहेत." एवढंच, पण आवाज हलला नाही. मी पडद्याआडून ऐकत होते. तेवढ्या एका दिवसासाठी मी तुमच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे. बाकीच्या दिवसांचं मात्र वेगळं.

मग हळूहळू कचेरीचा कागद मराठीवर आला. करीममिया तुमच्या शेजारी लिंबाखाली बसायचे, तेही तुमच्यासारखेच लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणारे अर्जनवीस. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "अपना काम खत्म, मुन्शीजी," आणि त्याच लिंबाखाली कोऱ्या कागदांची आणि कोर्टाच्या तिकिटांची पेटी घेऊन बसले. लोक हसले असतील चार दिवस. त्यांनी हसू दिलं.

तुम्हांला ते कसं जमावं? तुम्ही मुन्शीजी. काळा कोट, हातात छत्री, खिशात दोन दौती. बाजारातून पाटी आणलीत, दार लावलंत आणि मला म्हणालात, "जरा अक्षरं काढून दे, बघतो." मी मुळाक्षरं काढून दिली. तुम्ही घाम पुसत पुसत गिरवू लागलात. डावीकडून उजवीकडं हात जाईचना तुमचा. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, पाण्यावर आलेल्या शेळ्यांसारखी.

आणि मी हसले.

मुद्दाम नाही हो. हसू आलं. एवढा मोठा मुन्शी, ज्याच्यापुढं पाटलांनी पागोटी काढली, तो पाटीपुढं पाय फाकवून बसलेला. तुम्ही पाटी पालथी घातलीत. कोट चढवलात. दारातून म्हणालात, "संध्याकाळपर्यंत हा अर्ज उतरवून ठेव," आणि बाहेर पडलात. त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही मराठीचं एक अक्षर काढलं नाही. एका हसण्याची एकोणीस वर्षं शिक्षा. तुमच्या त्या कचेरीतसुद्धा एवढी कुणाला झाली नसेल.

रीत ठरून गेली. सकाळी लिंबाखाली बसून तुम्ही लोकांचं ऐकायचं आणि उर्दूत टिपून घ्यायचं. दुपारी दोनला जेवायला यायचं. जेवण झालं की तुम्ही टिपण वाचायचं, मी लिहायचं, तुम्ही आडवं व्हायचं. चारला उठून वाळलेले कागद पिशवीत घालून निघायचं. अर्जदारांना सांगून ठेवलेलं, "माझं काम सावकाश असतं, घरी बसून एकचित्तानं लिहितो." लोकांना ते खरं वाटलं. एकचित्तानं घोरत होतात तुम्ही.

एकदा एका अर्जाला पिठाचा हात लागला. कचेरीत साहेबांनी विचारलं, "मुन्शीजी, हे पांढरं काय?" आणि तुम्ही म्हणालात, "घरच्या भिंतीला चुना लावतोय, साहेब." हे घरी येऊन तुम्हीच सांगितलंत, कौतुकानं, कसं वेळेवर सुचलं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून हात तीनदा धुऊन लिहायची ताकीद मला.

आणि ती कचेरी! केवढं ऐकलंय मी तिच्याबद्दल. कमान अशी की हत्ती अंबारीसकट जावा. घड्याळ असं की सगळ्या शहरानं त्यावर वेळ लावावी. "हैदराबाद बघून आलेली माणसं म्हणतात, अशी पायरी तिकडं नाय," हे जेवताना आठवड्यातून एकदा. मी गल्ली सोडून फार कुठं गेले नाही. शालनला दवाखान्यात नेताना टांग्यातून ती कमान एकदा दिसली, तीही छत्रीच्या काठाखालून.

एकदा मी म्हणाले होते, "एवढं सांगता, तर एकदा दाखवा ना. लांबून बघेन."

तुम्ही घास हातात धरून माझ्याकडं पाहिलंत. "तिथं बाया दोनच कामाला येतात. फिर्याद घालायला, नायतर साक्ष द्यायला. तुला काय करायचंय त्यातलं?"

मी भात वाढला. पण उत्तर डोक्यात होतं, आणि ते आजपर्यंत तसंच राहिलं: दोन्ही करायचंय.

आता जिलेबीचं लिहिते, म्हणजे पोटातून जाईल.

हर्सूलकडची एक मेंढक्याची बाई तुमच्याकडं आली होती. तिच्या मेंढ्या कुणाच्या तरी पिकात शिरल्या म्हणून कोंडवाड्यात घातलेल्या, आणि दूध पिणारी कोकरं घरी राहिलेली. तुम्ही टिपणावरून वाचत होतात, "अर्जदार अत्यंत गरीब व लाचार असून हुजुरांच्या कृपेशिवाय..." मी विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

"काय म्हणणार? रडत व्हती. कोकरं ओरडतात म्हणं."

"आणि मेंढ्या?"

"त्याबी ओरडत असतील. लिव्ह तू."

तुम्ही झोपलात. मी लाचार वगैरे लिहिलं नाही. मी लिहिलं: 'मेंढ्या कोंडवाड्यात आहेत आणि कोकरं घरी आहेत. दोन्हीकडं ओरडणं चालू आहे. साहेबांनी यातलं एक तरी थांबवावं.' खाली बाईच्या अंगठ्याला जागा सोडली, आणि दस्तुर म्हणून तुमचं नाव.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोनच्या आधी आलात. हातात जिलेबीचा पुडा. कोटसुद्धा न काढता सांगू लागलात. साहेबांनी अर्ज भर कचेरीत मोठ्यानं वाचला. मग परत वाचला. मग विचारलं, "हा कोणी लिहिला?" तुम्ही उठून छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "बंद्यानं, साहेब." मेंढ्या त्याच दिवशी सुटल्या.

"दोनदा वाचलं!" तुम्ही मला सांगत होतात. "तेच वाक्य, दोनदा!" मला. ज्या बाईनं ते वाक्य लिहिलं तिला तुम्ही ते वाक्य म्हणून दाखवत होतात, मधे मधे थांबून, ती कशी दाद देते ते बघत. आणि त्यात एक शब्द चुकलात. मी दुरुस्त केला नाही.

तुम्ही विसरून गेला होतात हो. हे त्या दिवशी मला कळलं. लपवत होतात तोवर बरं होतं, लपवणाऱ्याला निदान माहीत असतं. तुम्हांला खरंच वाटू लागलं होतं की ते तुमचं. मी जिलेबी खाल्ली. गोड होती. दुसरी मागितली नाही.

माझी आई आजारी पडली तेव्हा मी महिनाभर माहेरी गेले, ते तुमच्या चौकाला चांगलंच कळलं. लोकांच्या अर्जांचं काय झालं असेल या विचारानं तिकडं मला घास गोड लागत नव्हता, आईच्या उशाशी बसूनसुद्धा. परत आल्यावर बघते तो तुमच्या उजव्या अंगठ्याला ही जाड पट्टी. "गळू झालं," म्हणालात. सोडून बघू म्हटलं तर हात मागं घेतलात. सगळा महिना तुम्ही लिंबाखाली पट्टी बांधून बसून होतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अंगठा दाखवत होतात. मी आले त्या दिवशी गळू बरं झालं.

पण त्याच महिन्यात तुमचं एक पत्र मला आलं होतं. फर्दापूरच्या एका बाजारकऱ्याच्या हाती धाडलेलं, पोस्टानं नाही. चार ओळी, मराठीत, तुमच्या हातच्या. अक्षरं तशीच पाण्यावर आलेल्या शेळ्यांसारखी. 'आईची तब्येत सांभाळ. शालन बरी आहे, तुझी आठवण काढते. मीही बरा आहे. लवकर ये.' कुणाकडून लिहून घेता आलं असतं तुम्हांला. नाही घेतलंत. एका अक्षरावर तर इतका जोर दिलेला की कागद फाटला होता. ते वाचताना मी हसले नाही. हे तुम्हांला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. मी हसले नाही.

मग मी घरी आल्यावर तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, की अर्ज ही लिहिते. मला नाही तर करीममियांना म्हणायचं होतं. शेवटच्या दुखण्यात तुम्ही दोन महिने अंथरुणावर होतात. लोक भेटायला यायचे, तुमच्या अर्जांच्या गोष्टी काढायचे, कोकरांची तर हमखास. मी पाणी घेऊन उभी. दर वेळी वाटायचं, आज म्हणतील. माझ्याकडं नुसता हात केला असतात तरी चाललं असतं. तुम्ही डोळे मिटून ऐकत राहायचात, तोंडावर ते समाधान. सत्यनारायणाची कथा ऐकतानासुद्धा तुमचं तोंड असं व्हायचं नाही.

तुमच्या शोकसभेला बाया नव्हत्या. लाउडस्पीकर होता, त्यामुळं गल्लीत ऐकू आलं. 'मुन्शीजींनी उर्दूची सेवा केली आणि काळ बदलताच मायमराठीची.' काळ बदलताच! मी तेव्हा भाकरी थापत होते. एक करपली.

तर काल मी ट्रंक उघडली. कच्चे अर्ज, खोडलेले अर्ज, जुन्या नकला, सगळे माझ्या हातचे. सगळ्यांखाली तुमचं नाव. कुठलाही उचलावा आणि द्यावा, एवढंच काम. मी एक निवडलासुद्धा. कोकरांचा. घडी घातली.

मग वाटलं, ही शिळा माझ्यामागंही राहणार. शालनची पोरं त्या पारावर बसतील. माझ्या अक्षरावर बोट ठेवून वाचतील आणि म्हणतील, आजोबांचं. अर्जाचे कागद फाटतात, वाळवी खाते, कुणी विचारत नाही, तोवर मी सोसलं. दगडावरचं मला सोसवेना.

ट्रंकेच्या तळाशी ती तुमची वही होती. पहिलं पान. तुमचं नाव, उर्दूत, आणि एका कडेला माझ्या बोटाचा काळा डाग.

ते पान मी कापलं. एका कोऱ्या कागदाच्या वरच्या अंगाला डकवलं, आणि खाली लिहायला बसले. तीन कागद खराब केले. अर्जाचं अक्षर सुटसुटीत येतं माझं, पण स्वतःचं नाव लिहायला हात धजेना. शेवटी आलं.

आज सकाळी अकराला पदर डोक्यावर घेऊन निघाले. गल्लीतली सखूबाई ओट्यावरून म्हणाली, "अगं, अजून सव्वा महिना झाला नाय, कुठं निघालीस?"

"कचेरीत," मी म्हणाले. तिला वाटलं असेल दाखला आणायला.

आणि मग मी तुमची कचेरी पाहिली.

एवढीशी! कमानीतून हत्ती कसला, कडब्याची गाडी अडकेल. पायऱ्या सात, त्यातल्या दोन खचलेल्या, बाकीच्या पानाच्या पिंकांनी लाल. घड्याळात काटा एकच. कोर्ट तिकडं नव्या इमारतीत गेलं आणि आपले अर्ज थांबले, त्याला इतकी वर्षं झाली, दाराला कुलूप, आणि कुलपावर पारव्यांची शिट. कमानीवर काही लिहिलेलं होतं वाटतं, त्यावर चुन्याचा जाड हात मारलेला. आणि याच्या नावानं समिती, सभा, पार! याच्यासाठी तुम्ही रोज छत्रीचा दांडा पुसायचात. मी चौकात उभी राहून बघत राहिले आणि मला तुमची कीव आली. मग राग आला. मग परत कीव. एवढ्या दरवाजापुढं माणूस एवढा घाबरून जगला.

करीममिया लिंबाच्या दुसऱ्या अंगाला त्यांची पेटी घेऊन बसले होते. मला पाहून धडपडत उठले.

"भाभी, तुम? इधर?"

"पाथरवटाला कागद द्यायचाय."

मी कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चश्मा पुसला. वरचं नाव पाहिलं तेव्हा त्यांचा हात आपोआप कपाळाकडं गेला. खालचं त्यांना वाचता येतं की नाही मला माहीत नव्हतं. येत होतं. पेटीवर बसून बसून शिकले म्हणाले.

"करीममिया, खरं सांगा. यांनी कधी तुम्हांला सांगितलं होतं?"

"नक्को पूछो भाभी."

"विचारते."

त्यांनी मान हलवली. "कब्बी नै बोले. मैं तो अंगूठेकी पट्टीसे समझा. पट्टी रोज नवी, और एक दिन छूट गयी तो नीचे कुछ नै. साफ अंगूठा." मग म्हणाले, "मेरेकू बोलना था किसीकू. पर मेरी बच्चियां तुम्हारे घरमें थे भाभी. उस आदमीकू मैं कैसा झूटा बोलूं?"

त्यांनाही तुमच्या त्या एका दिवसानं बांधून ठेवलेलं, जसं मला. चांगलं काम करून ठेवलं होतंत तुम्ही.

पाथरवट पाराच्या कडेला पोतं अंथरून बसला होता. म्हातारा, कानात बिड्या. शिळा घासून गुळगुळीत केलेली. त्यानं कागद घेतला, आडवा धरला, उभा धरला.

"बाई, मला वाचता येत नाय. रेघ दिसंल तशी टाकी चालवायची, एवढंच. ह्ये वरचं काय हाय? येलबुट्टी हाय व्हय?"

"नाव आहे."

"असं असतंय व्हय नाव? झ्याक काढलंय पर." त्यानं बोटानं रेघ चाचपली, माझ्या डागाशी थांबला. "ह्यो डाग बी कोरायचा?"

"डाग नको."

"बरं. कुणाचं म्हनायचं नाव?"

चौकात माणसं होती. चहाच्या गाड्यावर दोघं, पायरीवर एक शेळीवाला, करीममिया. तोंड उघडेना. उलट्या पोळपाटावर हजार वेळा लिहिलेलं नाव.

"बाई, सांगा की. उद्या समितीवालं इच्यारतील, काय कोरतूस रं म्हातारबा, तर मी काय येलबुट्टी म्हनू?"

"रंगनाथ," मी म्हणाले.

"आं? मोठ्यानं बोला जरा. टाकीनं कान गेल्यात माझं."

"रंगनाथ!"

चहावाल्यानं वळून पाहिलं. शेळीवाल्यानं पाहिलं. करीममियांनी पेटीचं झाकण उघडलं आणि उगाच बंद केलं. लिंब तसाच उभा होता. काही झालं नाही. एवढंच होतं ते, जिभेच्या दोन हालचाली, आणि त्यासाठी मी सारा जन्म तुम्हांला 'अहो' म्हणत आले.

"आन् खालचं?"

"खालचं द्वारका."

"ती कोन?"

"जिनं लिहिलं ती."

त्यानं माझ्याकडं वर पाहिलं. मग माझ्या हाताकडं. बोटावर शाई होती, सकाळची. त्यानं कोळशाचा तुकडा घेतला आणि तो शिळेवर वाकला. जरा वेळानं म्हणाला, "वरचं कुठून सुरू व्हतंय? डावीकडून कोरायला घेतलं तर रेघ मोडंल वाटतंय."

"उजवीकडून," मी म्हणाले. "उजवीकडून सुरू करा."

तुम्ही जिथं बसायचात तिथं मी बसले. पहिली रेघ दगडात उतरेपर्यंत बसले. टाकी सावकाश चालवतो म्हातारा, पण वळण बरोबर घेतो. दोन वाजले तशी उठायला झालं, तुमच्या जेवणाची वेळ. मग आठवलं की वाढायचं कुणाला नाही, आणि परत बसले.

समितीचे तिघं काय म्हणतील ते माहीत आहे. दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. शिळेवर उर्दू कशाला म्हणतील. उद्या दहाला ते पार बघायला येणार आहेत, करीममियांनी सांगितलं. पाथरवट उद्याच खालचं नाव कोरायला घेणार आहे. दहाच्या आधी मी तिथं जाऊन बसेन. विचारलं तर सांगेन. माझं सांगणं पटलं नाही तर कागद, दौत समोर ठेवा म्हणेन, आणि तिघांदेखत लिहून दाखवीन. कोकरांचंच.

तुमचं पत्र मात्र कुणाला देणार नाही. ते चार ओळींचं. ते ट्रंकेत, तुमच्या कोटाखाली ठेवलंय.

दस्तुर,
द्वारका